वजन जातं कुठे?

ताईने माझी सॅक एका हाताने उचलली, दोनदा वरखाली करून पाहिली आणि विचारलं, "एवढंच? मग बाकीचं वजन गेलं कुठे?"

"घरी ठेवलं," मी म्हणाले.

जूनचा शेवटचा आठवडा होता. हिमाचल प्रदेशातल्या किन्नौरमधल्या काफनू गावाच्या पुढे, जिथे रस्ता संपून पायवाट सुरू होते, तिथे आम्ही दोघी उभ्या होतो. भाबा खोऱ्यातून वर चढायचं, साधारण ४,९०० मीटर उंचीची भाबा खिंड ओलांडायची आणि पलीकडे स्पितीतल्या पिन खोऱ्यात मूद गावी उतरायचं, असा बेत होता. मधे गाव नाही. मेंढपाळ भेटले तर भेटले. ताईच्या पाठीवर सोळा किलो होते, माझ्या पाठीवर नऊ. त्या नऊमध्ये पाच दिवसांचं खाणं, गॅसची डबी आणि लिटरभर पाणीही आलं. हे सगळं काढलं तर माझं बेस वेट भरत होतं ४ किलो ३८० ग्रॅम.

अन्न, पाणी आणि इंधन सोडून पाठीवर जे उरतं त्याला बेस वेट म्हणतात. ते साडेचार किलोंच्या, म्हणजे दहा पौंडांच्या खाली आलं की अल्ट्रालाइट. ही रेघ अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या वाटा चालणाऱ्यांनी आखली आणि तिथून ती जगभर गेली. त्या रेघेखाली यायला मला दोन वर्षं लागली होती. ताईला दिलेलं उत्तर मी मनापासून दिलं होतं. ते खरं नव्हतं, हे कळायला पुढचे सहा दिवस लागले.

या नादाला मी लागले ते एका खेचरामुळे. पहिल्यांदा हिमालयात गेले तेव्हा सॅक पाठीवर घेतलीच नव्हती. ट्रेकच्या भाषेत त्याला ऑफलोडिंग म्हणतात. रोजचे पैसे भरायचे, तुमची सॅक खेचरावर चढते आणि तुम्ही पाण्याची बाटली घेऊन मोकळे चालता. तिसऱ्या दिवशी मी कॅम्पवर लवकर पोचले आणि खेचरांवरचं सामान उतरवताना पाहिलं. एका खेचराचं खोगीर काढलं तेव्हा त्याला गोधडीही चिकटून वर आली. तिच्याखाली तळहाताएवढी सोललेली जागा होती, ओली आणि लाल. ते पाय बदलत उभं होतं. त्याच्या शेजारी माझी निळी सॅक पडली होती. तिच्यात दोन जाडजूड पुस्तकं आणि चार जास्तीचे टी-शर्ट होते.

त्या दिवशी ठरवलं की जे मला वाहता येत नाही ते माझ्यासोबत येणार नाही.

वजन कमी करायचं म्हटलं की लोक टूथब्रशचं दांडकं कापण्याच्या गोष्टी करतात. ग्रॅम तिथे नसतात. ते असतात सॅक, निवारा आणि अंथरूण-पांघरूण या तीन ठिकाणी. या तिघांवरच किलोच्या किलो उतरतात, आणि उतरतात ते एकाच वस्तूकडून दोन कामं करून घेतल्याने. माझ्या सॅकला फ्रेम नाही. झोपायची मॅट गुंडाळून आत उभी केली की तोच सॅकचा कणा. तंबूचे दांडे नाहीत, कारण चालताना हातात ट्रेकिंग पोल असतातच. स्लीपिंग बॅगऐवजी पिसं भरलेली क्विल्ट आहे आणि तिला खालची बाजूच नाही. पिसं ऊब देतात ती स्वतःची नव्हे, त्यांच्यात अडकलेल्या हवेची. अंगाखाली दबली की हवा जाते आणि ऊबही जाते. मग ती खालची पिसं वाहायची कशाला? जमिनीची थंडी मॅट अडवते, क्विल्ट वरून पांघरायची. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा गणितातली अडलेली पायरी सुटावी तसा आनंद झाला होता.

टार्प, म्हणजे तंबूऐवजी ताणून लावायचं कापड, मी स्वतः शिवला. सिलिकॉनचा थर दिलेलं नायलॉन इतकं निसरडं असतं की शिलाईच्या सुईखाली ते मासोळीसारखं पळतं. टाचण्या लावता येत नाहीत, कारण प्रत्येक भोकातून पुढे पाणी येणार. कपड्याच्या चिमट्यांनी कडा धरून, तीन रविवार लावून तो पुरा केला. मग प्रत्येक शिवणीवर बोटाने सिलिकॉन फिरवलं. दोन्ही टोकं उघडी, एक बाजू जमिनीला टेकलेली, असा साधा आडोसा. वजन ३२० ग्रॅम. मला त्याचा फार अभिमान होता, अजूनही आहे.

पहिल्या दिवशी मुलिंगच्या वाटेवर त्या दोन वर्षांचं चीज झालं. जड सॅक घेऊन चढताना माणसाला दिसतात ती स्वतःच्या बुटांची टोकं. मान पुढे जाते, श्वास मोजला जातो आणि दर वीस मिनिटांनी टेकायला दगड शोधावा लागतो. त्या दिवशी माझी मान वर होती. देवदार मागे पडून भूर्ज कुठे सुरू झाले ते मला दिसलं. एका भूर्जाची साल सुटून वाऱ्यावर फडफडत होती. बाहेरून पांढरी, आतून फिकट गुलाबी, आणि तिच्यावर कुणी ओळी आखून ठेवल्यासारख्या आडव्या रेघा. मी थांबून ती दोन बोटांत धरली. थांबणं परवडत होतं, कारण पुन्हा निघायला पाठीवर काही चढवायचं नव्हतं. खाली भाबा नदीचा आवाज सतत होता आणि त्या आवाजातही पक्षी वेगवेगळे ऐकू येत होते. हलकं चालण्याची बाजू मी कुणाशीही मांडेन ती याचसाठी. वेग मिळतो म्हणून नाही, वाटेकडे लक्ष द्यायला आपण उरतो म्हणून.

वेगाचं मात्र नंतर भोवलं. ते पुढे येईलच.

दुसऱ्या दिवशी दुपारी काराला पोचलो. कारा म्हणजे डोंगरांच्या मधोमध पसरलेलं सपाट कुरण, त्यात नदी दहा वाटांनी फुटून पुन्हा एक होते. इतकं हिरवं, इतकं मऊ, की सॅक टाकून मी तिथेच आडवी झाले. टार्प लावायला उठले तेव्हा वारा खोऱ्यातून वर येत होता. जमिनीला टेकणारी बाजू मी वाऱ्याकडे केली, तोंड खिंडीकडे ठेवलं आणि खुंट्या ठोकल्या. ताईने तिचा तंबू थोडा वर, दगडांच्या एका उंचवट्यामागे लावला.

"इथे ये ना वर," ती म्हणाली.

"इथे नदीचं पाणी हाताशी आहे," मी म्हणाले.

डोंगरातल्या वाऱ्याचा एक जुना क्रम आहे. दिवसा तापलेले उतार हवा वर ओढतात, म्हणून वारा खोऱ्यातून शिखरांकडे चढतो. सूर्य मावळला की उतार गार पडतात, त्यांच्यावरची हवा थंड होऊन जड होते आणि पाण्यासारखी घरंगळत खाली येते. खोऱ्याच्या तळाशी, नदीकाठी, ती साचते. म्हणून मुक्काम तळापासून थोडा वर करावा आणि निवाऱ्याचं तोंड रात्रीच्या वाऱ्याचा विचार करून ठेवावं. हे मला माहीत होतं. वाचलेलं होतं, दुसऱ्यांना सांगितलेलंही होतं. त्या दुपारी मी फक्त तेव्हा वाहणारा वारा पाहिला.

रात्री साडेअकराच्या सुमारास वारा फिरला. आधी गार झुळूक थेट चेहऱ्यावर आली, मग झोत सुरू झाला आणि त्यासोबत साबुदाण्याएवढे बर्फाचे कण टार्पच्या उघड्या तोंडातून आत. मी पायांकडे सरकले तर डोकं उघडं, डोक्याकडे सरकले तर पाय बाहेर. सॅक तोंडाशी आडवी लावली, ती वाऱ्याने ढकलली. अर्ध्या तासात क्विल्टचा पायाकडचा भाग हाताला चपटा लागू लागला. ओली पिसं एकमेकांना चिकटतात, फुगवटा बसतो, आणि मग उरतो तो फक्त पातळ कापडाचा दुहेरी थर. दात वाजायला लागले. तेव्हाच वरून टॉर्चचा उजेड आला.

"अगं, आत ये. क्विल्ट तशीच गोळा कर आणि ये."

ताईच्या तंबूत दोघींची जागा होती. तिने तिचं जाड जॅकेट माझ्या पायांभोवती गुंडाळलं आणि पाठ माझ्या पाठीला लावून झोपली. मी जागीच होते. तंबूवर कण आपटल्याचा आवाज ऐकत असताना एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. ताईकडे एकटीचा तंबू आहे, १,७०० ग्रॅमचा. मीच तिला तो घ्यायला लावला होता. हा तो नव्हता. हा तिचा जुना, दोघांचा, २,६०० ग्रॅमचा तंबू होता.

सकाळी विचारलं. ती बुटांच्या नाड्या बांधत होती, वर न बघता म्हणाली, "तुझ्या त्या कापडावर माझा भरवसा बसेना गं. म्हटलं असू दे."

नऊशे ग्रॅम. काफनूपासून ती ते वाहत होती, आणि ते माझे होते.

अल्ट्रालाइटच्या गोष्टी सांगताना एम्मा गेटवुडचं नाव आदराने घेतलं जातं. अकरा मुलांची आई असलेली ही बाई १९५५ मध्ये, वयाच्या ६७व्या वर्षी, अमेरिकेतली अॅपलेशियन ट्रेल ही त्या वेळी सुमारे ३,३०० किलोमीटरची वाट एकटीने एका हंगामात चालून गेली. असं करणारी ती पहिली स्त्री. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. मीही तिची गोष्ट अशीच सांगत आले होते, पिशवीपर्यंत. त्या सकाळी तिच्या गोष्टीचा दुसरा भाग आठवला. वाटेवरच्या कितीतरी अनोळखी घरांनी तिला रात्री आसरा दिला, जेवू घातलं. काही रात्री तिलाही उघड्यावर काढाव्या लागल्या. तंबू तिच्या पाठीवर नव्हता हे खरं, पण वाटेवरच्या लोकांनी दार उघडून त्याची जागा भरून काढली होती. तिच्या धैर्याला याने काही कमीपणा येत नाही. मला उलट ती त्या सकाळी जास्त जवळची वाटली.

नदी सकाळीच ओलांडायची असते. दुपारी वरचा बर्फ वितळून पाणी चढतं, पहाटे ते सर्वांत कमी असतं. आम्ही काठावर पोचलो तेव्हा एक मेंढपाळ त्याचा कळप पाण्यात घालत होता. म्हातारा, सडपातळ, अंगात जाड लोकरीचा चोळा आणि कमरेला काळ्या लोकरीच्या दोराचे वेढ्यावर वेढे. गद्दी मेंढपाळांचा हा डोरा. त्याने चोळा कमरेशी असा आवळलेला असतो की वर छातीपाशी मोठा खोळ तयार होतो. त्या खोळातून एक डोकं बाहेर आलेलं होतं. कोकरू. दुसरं एक लंगडत त्याच्या पायात घुटमळत होतं.

माझ्याकडे बघून तो म्हणाला, "बेटी, ज़रा पकड़ना इसको." आणि ते दुसरं कोकरू माझ्या हातात देऊन कळपामागे पाण्यात उतरलाही.

मी कोकरू छातीशी धरलं. त्याची लोकर वरून ओली, तेलकट होती आणि आत बोटं गेली की एकदम गरम. पोट भराभर हलत होतं. दुखऱ्या पायाचा खूर त्याने माझ्या कोपराच्या घडीत रोवला आणि हनुवटी मनगटावर टेकली. पाणी गुडघ्याच्या वर होतं आणि इतकं गार की तिसऱ्या पावलाला पाय लाकडाचे झाले. तळाचे दगड गोल, हिरवे, सरकणारे. दोन्ही हात गुंतलेले, म्हणजे पोल नाहीत. एकेक पाय टेकवून, वजन टाकून बघून, मगच दुसरा उचलायचा. अर्ध्यावर आल्यावर कोकराने एक लांब श्वास सोडला आणि अंग सैल केलं. चार-साडेचार किलो असेल. माझ्या सगळ्या सामानाइतकं.

पलीकडे त्याने ते माझ्याकडून घेतलं, खोळातल्या पहिल्याशेजारी सारलं, डोरा एकदा खेचून घट्ट केला आणि शीळ घालत निघून गेला. त्याच्या पाठीवर एक घोंगडं आणि एक छोटी पिशवी होती. माझ्यापेक्षा त्याच्याजवळ सामान कमी होतं. आणि जे कमी होतं त्यातली जागा त्याने कोकरांना दिली होती. मी त्याच्याकडे बघत राहिले. दोन वर्षं मी प्रत्येक वस्तू तोलली होती, पण कमी केल्यावर जी जागा होते तिचं काय करायचं, हा प्रश्न माझ्या कुठल्याच यादीत नव्हता.

फुत्सिरांगला चढताना मी पुन्हा पुढे गेले. पाय हलके होते. ३,५०० मीटरच्या आसपासचं कारा सोडून ४,१०० च्या वर मी ताईच्या दीड तास आधी पोचले, आणि संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं. जेवण नको वाटलं. उंचीशी जुळवून घ्यायला शरीराला वेळच लागतो. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये असं सांगतात ते त्यासाठी. पाठीवर नऊ किलो आहेत की सोळा, याच्याशी रक्ताला घेणंदेणं नाही. उलट जड सॅकने ताईला जो संथपणा लावला होता तो तिच्या उपयोगी पडला आणि माझ्या हलकेपणाने मला शरीराच्या पुढे पळवलं.

डोकेदुखी उतरेपर्यंत वर जायचं नाही, हा नियम दोघींनाही मान्य होता. म्हणजे एक दिवस इथेच. पण माझ्याकडे खाणं होतं पाच दिवसांचं, रोजचे ६५० ग्रॅम, मोजून. ग्रॅममागे जास्तीत जास्त उष्मांक मिळावेत म्हणून स्निग्ध पदार्थ निवडलेले, कारण स्निग्धात ग्रॅमला नऊ किलोकॅलरी असतात आणि पिष्टात चार. हिशेब चोख होता, त्यात थांबण्याचा दिवस तेवढा नव्हता. ताईने सॅकच्या तळातून एक पुडकं काढलं आणि माझ्या पुढ्यात ठेवलं. जास्तीचा एक दिवस. तोही तिने दोघींचा घेतला होता.

त्या सबंध दिवसात मी तंबूच्या दारात बसून होते. समोर बर्फाच्या पट्ट्यांवर ढगांच्या सावल्या सरकत होत्या. मनात १९३४ सालचे ब्रिटिश गिर्यारोहक शिप्टन आणि टिलमन होते. मोठ्या लवाजम्यांच्या त्या काळात हे दोघे अंग थारके, पसांग आणि कुसांग या तीन शेर्पांबरोबर ऋषिगंगेच्या घळीतून नंदादेवीच्या कोंडलेल्या खोऱ्यात शिरले, जिथे त्याआधी कुणी माणूस पोचल्याची नोंद नव्हती. थोड्या सामानात डोंगर करण्याच्या पद्धतीचं मूळ म्हणून त्या दोघांची नावं घेतली जातात. मला त्यांच्याविषयी आवडतं ते हे की घळीत पाचही जणांच्या पाठीवर ओझं होतं. पण मीही इतकी वर्षं सांगताना दोनच नावं घेत आले होते.

डोकं दुसऱ्या दिवशी पहाटे हलकं झालं. चार वाजता निघालो, बर्फ कडक असताना. खिंडीखालचा शेवटचा चढ उभा आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ५५ टक्के असतो. वीस पावलं, थांबा, वीस पावलं. या वेळी मी ताईच्या मागे चालले, तिच्याच पावलांच्या खळग्यांत पाय ठेवत. माथ्यावर पोचल्यावर दोन्हीकडे पाहिलं तर विश्वास बसेना. ज्या बाजूने आलो तिथे ढग आणि हिरवळ, आणि पुढे, पर्जन्यछायेतलं स्पिती. तपकिरी, जांभळे, गेरूच्या रंगाचे डोंगर, एका झाडाशिवाय. हवाही वेगळी, कोरडी, नाकात टोचणारी. ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एवढं रिकामं मी कधी पाहिलं नाही."

उतारावर तिचा गुडघा धरला. आधी बर्फाची घसरण, मग सैल दगडांचा लांबच लांब उतार, आणि प्रत्येक पावलाला पाठीवरचं ओझं गुडघ्यात उतरत होतं. ती दगडावर बसली, गुडघा दोन्ही हातांनी दाबून.

"तंबू दे," मी म्हणाले.

"अगं, तुझ्या सॅकला फ्रेम नाही. खांदे कापतील."

"दे."

तिने दिला. मी तो वर आडवा बांधला, तिचं भांडं आणि गॅसही घेतला. खांदे खरंच कापले. फ्रेम नसलेल्या सॅकमध्ये वजन कमरेवर जात नाही, सगळं पट्ट्यांवर येतं. मांगरुंगसेपर्यंत दोन्ही खांद्यांवर लाल वळ उठले. मान पुन्हा खाली गेली होती, बुटांची टोकं दिसत होती. पण समोर ताई चालत होती, आधी लंगडत, मग जरा सरळ, आणि बाल्दरच्या अलीकडे पिन नदीचं पात्र रुंद झालं तिथे ती थांबून पलीकडच्या कड्यावरचे दगडांचे वळलेले थर मला हाताने दाखवत होती. मी मान वर करून पाहिलं.

मूदला पोचलो तेव्हा माझ्या जॅकेटच्या चेनमध्ये लोकरीचे दोन-तीन धागे अडकलेले दिसले. मळकट पांढरे, अजून तेलकट. ते मी तसेच राहू दिले.

परत आल्यावर टार्प काढून जमिनीवर पसरला. एका तोंडाला बसेल असा तिकोनी पडदा कापला, पुन्हा चिमटे लावले, पुन्हा ते कापड सुईखालून पळालं. एक रविवार गेला. टार्पची रुंदीही हातभर वाढवली, खाली दोन मॅट मावतील इतकी. आता तो ४९० ग्रॅमचा आहे. ताईचा फोन आला तेव्हा मी शिवणीवर सिलिकॉन लावत होते.

"यंदा कोणता तंबू घेऊ?" तिने विचारलं.

"कोणताच नको घेऊस," मी म्हणाले. "मी आणते."